फीडबॅक ३.४ आला म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एन्टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या) दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, शिकवतात. नेमणूक कंत्राटी आहे, दरवर्षी नूतनीकरण होतं. वर्गात ७२ मुलं आहेत, त्यातल्या ३१ जणांनी फीडबॅकचा फॉर्म भरला आणि सरासरी ५ पैकी ३.४ आली. दुसऱ्या डिव्हिजनला तोच विषय शिकवणाऱ्या सरांना ४.१ मिळाले. शेऱ्यांमध्ये काही जण म्हणतात मॅडम फार वेगात शिकवतात, काही म्हणतात फार हळू. एकाने लिहिलंय, ‘मॅडम कधी हसत नाहीत.’ एचओडींनी (विभागप्रमुखांनी) ‘पुढच्या सेमिस्टरला सुधारणा दाखवा’ असं सांगितलंय. या आकड्याला किती किंमत द्यायची आणि सुधारणा म्हणून दाखवायचं काय, असं त्या विचारतात.

आधी सरळ उत्तर देते. ३.४ वरून तुम्ही कशा शिक्षिका आहात हे ठरत नाही, आणि कोणी ठरवूही नये. मात्र त्या ३१ फॉर्मांमध्ये तुमच्या वर्गाबद्दल कामाची माहिती आहे आणि ती सरासरी काढताना हरवली आहे. मी संख्याशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं कॉलेजच्या आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम पाहिलं. दर सत्राच्या शेवटी फीडबॅकचे तक्ते माझ्याच टेबलावर यायचे. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे. वर्गात रोज काय घडतं ते विद्यार्थ्यांइतकं कोणालाच माहीत नसतं, म्हणून त्यांना विचारलंच पाहिजे. पण ते मिळालेलं उत्तर शिक्षकाच्या हाती वेळेत आणि नीट पडावं यासाठी विचारायचं. शिक्षकांची क्रमवारी लावण्याचा भार त्या उत्तरांना पेलत नाही.

आयक्यूएसीकडून सरासरीऐवजी प्रत्येक प्रश्नाचं वाटप मागून घ्या. म्हणजे १ किती जणांनी दिला, २ किती जणांनी, असं. कारण ३.४ दोन अगदी वेगळ्या वर्गांमधून येऊ शकतो. समजा ३१ पैकी १९ जणांनी ३ दिले आणि १२ जणांनी ४. सरासरी ३.४. आता समजा १४ जणांनी ५ दिले, १६ जणांनी २ आणि एकाने ३. तीही सरासरी ३.४. पहिला वर्ग सांगतोय की ठीकठाक चाललंय, विशेष काही नाही. दुसऱ्या वर्गात अर्ध्या मुलांना तुमचं शिकवणं फार आवडलंय आणि अर्धी बुडतायत. या दोन वर्गांमध्ये करायचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्याकडे ‘फार वेगात’ आणि ‘फार हळू’ असे दोन्ही शेरे आलेत, म्हणून माझा अंदाज दुसऱ्या चित्राकडे झुकतो.

३१ ही संख्याही लक्षात घ्या. तीन मुलांनी टर्म ग्रँट अडल्याच्या किंवा कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आल्याच्या रागातून ४ च्या जागी १ टिचकवला, तर तेवढ्यानेच सरासरी ३.७ वरून ३.४ वर येते. एरवीही एवढ्या छोट्या संख्येत ०.३-०.४ चा फरक सहज पडतो. त्यामुळे ३.४ आणि ३.६ मध्ये कोण चांगलं, ही चर्चा निरर्थक आहे. तुमच्या आणि त्या सरांच्या आकड्यांत मात्र ०.७ चं अंतर आहे, आणि ते नुसत्या योगायोगाने पडलं असेल असं मी म्हणणार नाही. कारण काहीतरी असणार. ते कारण शिकवणंच आहे, हे मात्र आकडा सांगत नाही. ज्या ४१ जणांनी फॉर्म भरलाच नाही त्यांचं काय म्हणणं आहे तेही आपल्याला कळलेलं नाही, आणि न भरणारे हे भरणाऱ्यांसारखेच असतात असं गृहीत धरायला आधार नाही.

काही कॉलेजांनी यावर उपाय म्हणून सक्ती आणली: फीडबॅक भरल्याशिवाय हॉलतिकीट नाही. प्रतिसाद १०० टक्के येतो, आणि कचरा येतो. सबमिशनच्या आठवड्यात जर्नलवर सह्या घेत फिरणाऱ्या मुलासमोर सात विषय आणि प्रत्येकी बारा प्रश्न, म्हणजे ८४ टिचक्या ठेवल्या तर तो वरपासून खालपर्यंत एकच रकाना भरत जातो. असे फॉर्म ओळखता येतात. सगळ्या शिक्षकांना, सगळ्या प्रश्नांना एकच आकडा दिलेला असतो. मी तक्ते करायला घेताना ते आधी बाजूला काढायचे, आणि दरवेळी गठ्ठा बराच हलका व्हायचा.

आता तुमच्या वर्गाकडे येते. दुसऱ्या वर्षाच्या गणिताबद्दल महाराष्ट्रात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि फीडबॅकच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही: वर्गात दोन वाटांनी आलेली मुलं असतात. एक बारावी आणि सीईटी करून आलेली, जी एम-वन आणि एम-टू तुमच्याच कॉलेजात शिकली. दुसरी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. डिप्लोमाच्या मुलांचा कार्यशाळेत, प्रॅक्टिकलला हात चांगला चालतो. पण पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंगचं गणित त्यांनी केलेलं नसतं. त्यात त्यांच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, म्हणून अनेकदा वर्ग सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर ती येऊन बसतात. तोपर्यंत लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनचा पहिला युनिट अर्धा उरकलेला असतो. त्यांना तुमचा वेग झेपत नाही, आणि त्यांच्यासाठी तुम्ही थांबलात की बाकीची मुलं कंटाळतात. ‘फार वेगात’ आणि ‘फार हळू’ हे दोन्ही शेरे खरे असू शकतात. दोन्ही डिव्हिजनमध्ये डिप्लोमाची मुलं किती आहेत ते कार्यालयातून काढा. तुमच्याकडे जास्त असतील तर ०.७ मधला काही भाग तिथेच असू शकतो. पुढच्या वेळी फॉर्मवर ‘बारावीनंतर प्रवेश की डिप्लोमानंतर’ एवढा एकच प्रश्न वाढवून घ्या. डिप्लोमाची मुलं अगदी मोजकी असतील तर मात्र विचारू नका, कोण बोललं ते ओळखू येतं.

मुलांनी दिलेले गुण म्हणजे शिकवण्याची गुणवत्ता, हे समीकरण किती टिकतं यावर जगभर भरपूर काम झालं आहे. हे फॉर्म नवे नाहीत. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात रेमर्स यांनी १९२० च्या दशकातच शिक्षकांना गुण देण्याची मोजपट्टी तयार केली होती. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकांची मुलं परीक्षेतही बरी करतात, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने चालतात त्याचं माप; पूर्ण जोडी असेल तर १) ०.४३ च्या आसपास आला. पुढची कित्येक वर्षं याच आकड्याच्या जोरावर हे फॉर्म चालले. २०१७ मध्ये उट्ल आणि सहकाऱ्यांनी तेच आणि नंतरचे अभ्यास पुन्हा तपासले. तेव्हा दिसलं की मोठे सहसंबंध प्रामुख्याने लहान, मोजक्या तुकड्यांच्या अभ्यासांमधून आले होते. तो दोष दुरुस्त केल्यावर गुण आणि शिकणं यांत सांगण्यासारखा संबंध उरला नाही. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. लहान नमुन्यात योगायोगाने मोठा आकडा आला की तो छापला जातो आणि लहान आकडा कपाटात राहतो.

गणिताच्या शिक्षकाने आवर्जून वाचावा असा अभ्यास मात्र कॅरेल आणि वेस्ट यांचा, २०१० चा. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना तुकड्या यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, मिळतात आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. त्यामुळे ‘हुशार मुलं त्या सरांकडे गेली’ ही पळवाट तिथे चालत नाही. ज्या शिक्षकांची मुलं त्याच विषयाच्या परीक्षेत चांगले गुण मिळवत होती त्यांना फीडबॅकही चांगला मिळत होता. पण कॅल्क्युलसनंतरच्या, त्यावर आधारलेल्या विषयांमध्ये पाहिलं तर त्यांची मुलं मागे पडत होती. ज्यांनी मुलांना पक्कं केलं त्यांना त्या वेळी कमी गुण मिळाले होते. मिलानच्या बोकोनी विद्यापीठातही २०१४ मध्ये याच वळणाचे निष्कर्ष निघाले. तिथे आणखी एक गोष्ट दिसली: पावसाच्या दिवशी भरलेल्या फॉर्मांमध्ये शिक्षकांना कमी गुण पडतात. आपल्याकडे पहिल्या सत्राचा बराच भाग पावसातच जातो, तेव्हा यावर वेगळं बोलायला नको.

हे असं का होतं याचं उत्तर हार्वर्डमधल्या २०१९ च्या एका प्रयोगात सापडतं. भौतिकशास्त्राच्या मुलांना एकदा सुरेख, ओघवतं व्याख्यान दिलं आणि एकदा तोच भाग त्यांना गटात बसवून स्वतः सोडवायला लावला. चाचणीत दुसऱ्या पद्धतीने शिकलेली मुलं पुढे होती. पण ‘जास्त शिकलो असं कधी वाटलं?’ असं विचारल्यावर मुलांनी व्याख्यानाला कौल दिला. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि स्वतः सोडवताना आपलं अडणं दिसतं. तुम्ही वर्गात मुलांना फळ्याजवळ बोलावून गणितं सोडवून घेत असाल, तर त्या अडखळण्याची किंमत तुमच्या फीडबॅकमध्ये वसूल होते. म्हणून शिकवणं मऊ करू नका. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगा की इथे तुम्ही अडणार आहात, अडणं म्हणजेच शिकणं चालू आहे, आणि मी मुद्दाम अशी शिकवते. हार्वर्डच्या त्या संशोधकांनीही हेच सुचवलं आहे.

विषयाचा वाटाही मोठा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या १४ हजारांहून अधिक वर्गांच्या फीडबॅकचा अभ्यास सांगतो की गणित आणि संख्याशास्त्राच्या वर्गांना इंग्रजी, मानसशास्त्र, इतिहासाच्या वर्गांपेक्षा ठळकपणे कमी गुण मिळतात. एम-थ्रीच्या ३.४ ची तुलना कम्युनिकेशन स्किल्सच्या ४.५ शी कोणी करत असेल तर तिथेच थांबवा.

आणि ‘मॅडम कधी हसत नाहीत’. हा शेरा दुसऱ्या डिव्हिजनच्या सरांना कोणी लिहिला असता का, हा प्रश्न मी उघडपणे विचारते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन कोर्सवर छोटा पण बोलका प्रयोग झाला. दोन सहायक शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री. प्रत्येकाने एका गटाला स्वतःच्या नावाने शिकवलं आणि दुसऱ्या गटाला एकमेकांच्या नावाने. ज्या गटांना आपले शिक्षक पुरुष आहेत असं वाटत होतं त्यांनी जास्त गुण दिले. कामं तपासून परत करायला सगळ्या गटांना सारखाच वेळ लागला होता, तरी त्या तत्परतेचे गुणही वेगळे पडले. गट लहान होते, म्हणून एवढ्यावरच मी विसंबणार नाही. पण हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या जवळपास २० हजार फॉर्मांच्या अभ्यासात, २०१९ मध्ये, हाच कल दिसला: मुलग्यांकडून स्त्री शिक्षकांना कमी गुण, आणि सर्वात जास्त फटका कनिष्ठ पदांवरच्या शिक्षिकांना व गणिताच्या विषयांना. तुम्ही या दोन्हींत बसता. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवात असं दिसलं की फॉर्मच्या सुरुवातीला ‘नकळत होणाऱ्या पूर्वग्रहांचा विचार करा, शिकवण्याबद्दलच लिहा’ अशा आशयाच्या चार ओळी छापल्या, तर शिक्षिकांचे गुण वाढतात आणि पुरुषांच्या गुणांत फरक पडत नाही. त्या चार ओळी छापायला खर्च शून्य. आयक्यूएसीकडे हे लेखी सुचवा. कपडे, रूप, आवाज यांवरचे शेरे तर शिक्षिकेपर्यंत पोचायच्या आत गाळले गेले पाहिजेत. ती जबाबदारी आयक्यूएसीची आहे. मजकूर लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो फीडबॅकच राहत नाही, त्याची जागा अंतर्गत तक्रार समितीपुढे आहे. असलं काही ‘मुलं आहेत’ म्हणून गिळू नका.

हे सगळं वाचून अनेक सहकारी म्हणतात, मग बंदच करा की हा फीडबॅक. त्यांना माझा ठाम विरोध आहे. तासाला न येणारे, आले तर पिवळ्या पडलेल्या नोट्स डिक्टेट करणारे, शंका विचारली की ‘हे एफईलाच (पहिल्या वर्षालाच) यायला हवं होतं’ म्हणून मुलाला वर्गासमोर गप्प करणारे शिक्षक आपल्यात आहेत. नांदेडहून, जळगावहून मराठी माध्यमातून आलेलं पोर शेवटच्या बाकावर इंग्रजीतल्या व्याख्यानाचा धागा सुटून बसलेलं असतं. त्याला बोलायला दुसरी जागा नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये तो जाणार नाही आणि पालकांना हे कळणार नाही. त्याला न विचारण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

विचारायचं काय, हा खरा मुद्दा आहे. ‘शिक्षकांचं विषयावर प्रभुत्व आहे का?’ हा प्रश्न मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला एम-थ्रीतल्या फुरिए ट्रान्सफॉर्मवरचं प्रभुत्व कसं कळणार? तो आत्मविश्वासाला आणि इंग्रजीच्या सफाईला गुण देतो. त्याने स्वतः जे पाहिलं, ऐकलं, भोगलं तेवढंच त्याला विचारा. तास वेळेवर सुरू होतो का? फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचता येतं का? शंका विचारायला संकोच वाटतो का, आणि वाटत असेल तर कशामुळे? तपासलेली असाइनमेंट किती दिवसांत परत मिळते? मागच्या दोन आठवड्यांतला कोणता भाग डोक्यावरून गेला? घरी या विषयाला आठवड्याला किती तास देता? या प्रश्नांची उत्तरं मुलं प्रामाणिकपणे देतात आणि ती एकमेकांशी जुळतात, कारण त्यात मत कमी आणि माहिती जास्त असते. नॅकने, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २०१७ पासून आणलेल्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही पहिला प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला असा आहे, आणि तो योग्य आहे. पण ते २१ प्रश्न पूर्ण संस्थेबद्दल आहेत. एका शिक्षिकेला त्यातून स्वतःसाठी काही मिळणार नाही. तेव्हा संस्थेचा फॉर्म संस्थेपुरता, आणि तुमचा स्वतःचा वेगळा.

तो तुमचा स्वतःचा फॉर्म सत्राच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, इन-सेमच्या (सत्रामधल्या परीक्षेच्या) आधी घ्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. सत्र संपल्यावर आलेल्या फीडबॅकचा फायदा तो देणाऱ्या मुलांना काहीच होत नाही, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती एका ओळीत उरकतात. मध्यावर विचारलं की त्यांचा स्वार्थ जागा होतो.

गुगल फॉर्म नको. कॉलेजच्या ईमेलवरून लॉगिन केलं की आपलं नाव जाणार, अशी शंका मुलांना येते आणि ती अवाजवी नाही. अर्धा कागद द्या. दोनच प्रश्न: या वर्गात शिकायला मदत होतेय असं काय आहे, आणि काय बदललं तर जास्त समजेल. गुण, आकडे काही नकोत. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत कसंही लिहा हे आवर्जून सांगा. इंग्रजीतच लिहायचं म्हटलं की ज्यांना सर्वात जास्त अडचण आहे तेच ‘गुड टीचिंग’ लिहून मोकळे होतात. कागद वाटून तुम्ही वर्गाबाहेर जा. हस्ताक्षर ओळखलं जाईल ही भीती खरी असते, म्हणून कागद सीआरने (वर्गप्रतिनिधीने) गोळा करून तुमच्या विश्वासातल्या सहकाऱ्याकडे द्यावेत आणि तुमच्या हाती टाइप केलेली यादी यावी.

सहकारी तयार असेल तर याहून चांगला मार्ग आहे. तासाची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं त्याला द्या आणि तुम्ही निघून जा. तो मुलांना पाच-पाचच्या गटांत बसवतो, प्रत्येक गटाने आपसांत बोलून दोन गोष्टींवर एकमत करायचं, मग तो त्या फळ्यावर मांडतो आणि किती जणांना पटतात ते हात वर करून मोजतो. एखाद्याचा वैयक्तिक राग गटात टिकत नाही. ‘हळू शिकवा’ म्हणणाऱ्याला ‘वेगात चाला’ म्हणणाऱ्याशी बोलावं लागतं, आणि बरेचदा तिथेच कळतं की तक्रार वेगाची नसून मधली पायरी गाळण्याची आहे. नुसता अहवाल हातात ठेवण्यापेक्षा कोणाशी तरी बसून त्यावर बोलल्यावरच शिक्षकांमध्ये ठळक सुधारणा दिसते, हे कोहेन यांच्याच १९८० च्या अभ्यासातही आलं आहे. मी स्वतः सहकाऱ्यांच्या वर्गांत हे खूप केलं आणि मला याहून भरवशाचं साधन माहीत नाही.

पुढच्याच तासाला वर्गाला उत्तर द्या. दहा मिनिटं पुरतात. तुम्ही काय सांगितलंत, त्यातलं मी काय बदलतेय, काय बदलणार नाही आणि का. उदाहरणार्थ: पार्शल फ्रॅक्शनची पायरी यापुढे गाळणार नाही, डिप्लोमाच्या मुलांसाठी शनिवारी एक जादा तास घेईन, इंटिग्रेशनपासून, पण आयएमपी, म्हणजे पेपरला येतील अशा मोजक्या, प्रश्नांची यादी देणार नाही, कारण सिग्नल्स अँड सिस्टिम्स या विषयाला बसाल तेव्हा फुरिए सगळा लागणार आहे. मुलं नकारावर रागावत नाहीत. आपण लिहिलेलं कोणी वाचलंच नाही, यावर रागावतात. आणि एकदा त्यांनी पाहिलं की लिहिल्याने काही हललं, की सत्राअखेरचा फॉर्मही ३१ च्या जागी साठजण भरतात.

हसण्याबद्दल एकच सांगते. तुम्ही आहात तशा राहा. पण त्या शेऱ्यामागे ‘शंका विचारायची भीती वाटते’ असं काही दडलंय का ते मात्र पाहा. तसं असेल तर उपाय चेहऱ्यावर नाही, सोयीत आहे: तास संपल्यावर पाच मिनिटं वर्गातच थांबणं, चिठ्ठीवर शंका घेणं, चुकीचं उत्तर देणाऱ्याची बरोबर असलेली पायरी आधी दाखवणं.

आता एचओडी. भांडायला जाऊ नका आणि मान खाली घालूनही बसू नका. कागद घेऊन जा. गुणांचं वाटप, ७२ पैकी ३१ हा प्रतिसाद, दोन्ही डिव्हिजनमधल्या डिप्लोमाच्या मुलांची संख्या, आणि मध्यावधी चिठ्ठ्यांमधून काय निघालं व तुम्ही काय बदललं याचं एक पान. सोबत तुमच्या दोन असाइनमेंट आणि त्या कशा तपासल्या याचे नमुने, आणि एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने तुमचा तास बसून पाहिल्याची टिपणी. सर्वात वजनदार पुरावा पुढच्या सत्रात मिळेल: सिग्नल्स शिकवणाऱ्यांना विचारा की तुमच्या डिव्हिजनची मुलं फुरिएमध्ये कशी आहेत. हवाई दल अकादमीच्या अभ्यासाने जे मोजलं ते तुमच्या कॉलेजात एवढ्या साध्या रीतीने पाहता येतं.

नियमांची बाजूही माहीत असू द्या. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमावलीतल्या ३६० अंशांच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या फीडबॅकला १०० पैकी २५ गुण आहेत. आणखी २५ शिकवण्याच्या प्रक्रियेला, आणि बाकीचे विभागाचं काम, संस्थेचं काम, गोपनीय अहवाल आणि समाजासाठीचं योगदान यांना. म्हणजे नियमही फीडबॅकला एकचतुर्थांश मानतो; एकट्या ३.४ वर नूतनीकरण अडवणं त्या नियमाच्याही आत्म्याला धरून नाही. कॅनडात २०१८ मध्ये रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात लवादाने, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे पुरावे ऐकून, बढती आणि कायम नेमणुकीसाठी शिकवण्याची परिणामकारकता या गुणांवरून मोजू नये असा निर्णय दिला. तो निर्णय आपल्याला बंधनकारक नाही, पण एचओडींना दाखवायला हरकत नाही.

कंत्राटी आणि सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) शिक्षकांची मला सर्वात जास्त काळजी वाटते ती इथेच. ज्याची पुढच्या जूनची नोकरी मुलांच्या टिचकीवर टांगलेली आहे तो कडक तपासायला कचरतो, अटेंडन्समध्ये सैल होतो, आयएमपी वाटतो. विद्यापीठाचा पेपर बाहेर तपासला जात होता तोवर याला थोडा आळा होता. स्वायत्त कॉलेजांत शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच, आणि गुण देणाऱ्या मुलांना गुण देणाराही तोच. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर हा धोका विभागाच्या बैठकीत नोंदवून ठेवा. तुमच्या एकटीच्या वतीने नको, विभागातल्या सगळ्या कंत्राटी सहकाऱ्यांच्या वतीने.

त्याच बैठकीत तीन मागण्या लेखी द्या: फॉर्म सबमिशनच्या आठवड्यातून काढून निदान तीन आठवडे आधी आणावा, प्रश्न बारावरून पाचावर यावेत, आणि प्रत्येक शिक्षकाला सरासरीऐवजी वाटप व प्रतिसादाची संख्या मिळावी. यासाठी ना कुणाची मंजुरी लागते ना निधी. आयक्यूएसीच्या समन्वयकांनी मनावर घेतलं तर याच सत्रात होऊ शकतं.